पुरणपोळी, सात बावन्नची लोकल आणि एक 'च'

मैत्रिणींनो, आपण दिवसातून किती वेळा 'च' म्हणतो, हे कधी मोजलंय का तुम्ही? 'आज डबा वेळेत झालाच पाहिजे.' 'लेकीला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत.' 'पाहुण्यांनी नाव ठेवताच कामा नये.' एवढंसं अक्षर, पण अख्खा दिवस त्याच्या धाकात जातो. मला या 'च'ची ओळख वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी झाली, तीही छातीत दुखायला लागल्यावर.

गोष्ट 2008 च्या मार्चमधली. त्या वर्षी होळी आली 21 मार्चला, म्हणजे बँकेत इयर एंडिंगची धामधूम आणि घरात सणाची. मी तेव्हा बँकेत ऑफिसर होते. डोंबिवलीहून रोज सात बावन्नची फास्ट पकडून सीएसटी गाठायची, असा वीस वर्षांचा रिवाज. होळीला सुट्टी होती, पण 'होळीच्या दिवशी दमायला नको, पुरण आदल्या दिवशीच घालून ठेवावं' असं ठरवून मी पहाटे चारला उठले. कुकरला हरभऱ्याची डाळ लावली. डाळ शिजली, गूळ घातला, पुरण आटत आलं. घड्याळात बघते तर पावणेसात! पुरणयंत्राची दांडी फिरवता फिरवता लेकीची वेणी, 'अहों'चा डबा, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं उरकलं आणि पळत सुटले. लोकल मिळाली, पण चौथी सीटसुद्धा नाही. ठाणं गेलं आणि छातीत कुणीतरी मुठीत धरल्यासारखं झालं. हातपाय गार, तळव्यांना घाम, श्वास पुरेना. एकच विचार, आपण मरतोय! आणि त्यापाठोपाठ दुसरा, पुरण फ्रिजमध्ये ठेवायचं राहिलंय!

हसू नका. मरणाच्या दारात असताना मला पुरण आठवलं, ही शंभर टक्के खरी गोष्ट आहे.

डब्यातल्या बायकांनी बसवलं, कुणी पाणी दिलं, कुणी लिमलेटची गोळी दिली. भाजी निवडत बसलेल्या एकीने पिशवी बाजूला टाकून माझे तळवे चोळले. दादरला दोघी माझ्याबरोबर उतरल्या. त्यांनी स्वतःच्या ऑफिसचा लेट मार्क पत्करला. त्यांची नावंही मला धड माहीत नव्हती. आजही मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार करते.

ईसीजी झाला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल! आमचे फॅमिली डॉक्टर म्हातारे, मिश्कील. कागद बाजूला ठेवत म्हणाले, "वहिनी, हृदय ठणठणीत आहे तुमचं. तुमचं 'पाहिजे' वाढलंय. त्याचं औषध माझ्याकडे नाही." आणि त्यांनी ठाण्याच्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता लिहून दिला.

मला रागच आला. मी काय वेडी आहे? घर, नोकरी, सण, सासूबाईंची पथ्यं, सगळं एकहाती सांभाळणारी बाई मी! घरी येऊन दोन दिवस तो कागद पर्समध्ये तसाच ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "जाऊन तर ये. नुसतं बोलायचंच तर आहे." त्या असं म्हणतील, असं मला वाटलं नव्हतं. गेले.

समुपदेशक बाई साठीच्या, साधी सुती साडी नेसलेल्या. त्यांनी मला बालपण विचारलं नाही की स्वप्नं विचारली नाहीत. मुलांची असते तशी दोनशे पानी वही आणायला सांगितली आणि पानावर तीन रकाने आखायला लावले. पहिल्यात लिहायचं, काय घडलं. तिसऱ्यात लिहायचं, मला काय झालं. आणि या दोहोंच्या मधल्या रकान्यात, त्या क्षणी मी स्वतःशी काय म्हणाले.

पहिला आणि तिसरा रकाना पटापट भरला. काय घडलं? तर त्या होळीला दवाखान्याच्या गडबडीत पुरण आंबलं, आणि 'अहों'नी पोळ्या विकतच्या आणल्या. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "विकतच्या पोळीला चव नसते हो." मला काय झालं? तर मी मोरीत जाऊन रडले, रात्री डोळ्याला डोळा लागला नाही आणि दोन दिवस सासूबाईंशी धड बोलले नाही. मधला रकाना मात्र कोराच! "मी स्वतःशी काय म्हणणार? त्या बोलल्या म्हणून मला वाईट वाटलं, एवढंच," मी म्हणाले.

"मग तेच वाक्य ऐकून तुमच्या यजमानांना काय झालं?" बाईंनी विचारलं.

"त्यांना काय होणार! त्यांनी आणखी एक पोळी मागितली."

"आणि लेकीला?"

"ती हसली."

"वाक्य एकच. एक रडलं, एक हसलं आणि एकाने पोळी मागितली. मग रडवलं ते वाक्याने की आणखी कशाने?"

मी गप्प. घरी येऊन रात्री विचार केला आणि मधल्या रकान्यात लिहिलं, 'होळीला पुरणपोळी घरीच झाली पाहिजे. ती सुनेनेच केली पाहिजे. तेवढंही जमत नसेल तर मी कसली सून!' पुढच्या खेपेला बाईंनी लाल पेन घेतलं, त्या वाक्यांमधल्या दोन्ही 'च'भोवती गोल केले आणि वही माझ्यासमोर सरकवली. "हा तुमचा आजार," त्या म्हणाल्या. "पुरणपोळी घरी व्हावी, ही इच्छा झाली. छानच आहे. घरीच झाली पाहिजे, हा हट्ट झाला. इच्छा मोडली तर माणसाला वाईट वाटतं. हट्ट मोडला तर माणूस मोडतो."

मग त्यांनी मला जी माहिती दिली आणि पुढे मी जे वाचत गेले, ते थोडक्यात सांगते.

'स्ट्रेस' हा शब्द आपण आता चहासारखा उठता बसता वापरतो. शरीराच्या संदर्भात तो रुजवला तो हान्स सेलये या शास्त्रज्ञाने. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये उंदरांवर काम करताना त्याच्या लक्षात आलं, की उंदराला थंडीत ठेवा, जखम करा किंवा अति दमवा, शरीरात होणारी उलथापालथ साधारण सारखीच असते. अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजतात, पोटात व्रण पडतात. 1936 साली त्याने हे प्रसिद्ध केलं. पुढे 1967 मध्ये होम्स आणि राहे या दोन अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या 43 घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला 100, घटस्फोटाला 73. आणि गंमत बघा, लग्नाला 50! निवृत्तीला 45, सासरच्या मंडळींशी खटके उडण्याला 29, आणि सुट्टीवर जाण्यालाही 13. म्हणजे आनंदाच्या गोष्टीही ताण देतात, हे तेव्हा कागदावर आलं.

पण या यादीत एक अडचण होतीच. तीच घटना दोघींना सारखाच ताण का देत नाही? रिचर्ड लाझारस या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात एक साधाच प्रयोग केला होता. लोकांना एक अंगावर काटा आणणारी फिल्म दाखवली. फिल्म सगळ्यांना तीच, फक्त सोबतचं निवेदन वेगवेगळं. काहींना त्यातल्या वेदनांवर भर देणारं, काहींना शांत, अभ्यासकाच्या सुरातलं. ज्यांना शांत निवेदन ऐकवलं, त्यांच्या शरीरात ताणाच्या खुणा कमी उमटल्या. आपल्या डोक्यातही असं एक निवेदन अखंड चालू असतं. माझं निवेदन 'च'च्या सुरात चाललं होतं, एवढंच!

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाने 1955 मध्ये याच सूत्रावर आपली उपचारपद्धती उभी केली. तो म्हणायचा, हे काही माझं नाही, दोन हजार वर्षांपूर्वीचा तत्त्ववेत्ता एपिक्टेटस हे सांगून गेलाय. हा एपिक्टेटस गुलाम म्हणून वाढलेला. एलिसच्या पद्धतीला आपल्याकडे 'विवेकनिष्ठ उपचारपद्धती' म्हणतात. मराठी वाचकांसमोर ती मांडण्यात मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांचा वाटा मोठा. त्यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली. माझ्या वहीतले तीन रकाने म्हणजे एलिसचं ए-बी-सी. घटना, दृष्टिकोन आणि परिणाम. आपण एरवी ए वरून थेट सी वर उडी मारतो. मधल्या बी चं आपल्या गावी नसतं.

एलिसची स्वतःची एक गोष्ट मला फार आवडते. एकोणीस वर्षांचा असताना तो इतका बुजरा होता, की मुलीशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. त्याने ठरवलं, ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. महिनाभरात तो जवळजवळ शंभर जणींशी बोलला. फिरायला यायचं फक्त एकीने कबूल केलं, आणि तीही आली नाही! पण एकीनेही आरडाओरडा केला नाही की पोलीस बोलावला नाही. नकार मिळाला तरी आभाळ कोसळत नाही, हे त्याला कळलं. बुजरेपणा गेला तो कायमचा.

मला बाईंनी असाच 'गृहपाठ' दिला. रोज एक 'च' मुद्दाम मोडायचा. पहिला आठवडा भयंकर गेला. रविवारी पडद्यांना हात न लावता पेपर वाचत बसले, तर पाठ खाजायला लागली! डब्यात पोळीभाजीऐवजी ब्रेड-जॅम दिला. लेक खूश. शेजारणीकडच्या भिशीला 'आज नाही जमणार' असं कारण न देता सांगितलं. आभाळ? जागच्या जागी! प्रत्येक वेळी वहीत लिहायचे, हा नियम कुणी केला? तो मोडल्याने खरंच काय बिघडलं? आणि हाच नियम माझ्या मैत्रिणीने मोडला असता तर तिला मी नालायक म्हटलं असतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायम 'छे!' असंच यायचं. जगाला एक माप आणि स्वतःला दुसरं, हे किती वर्षं चाललं होतं!

मग एका संध्याकाळी धीर करून मी सासूबाईंजवळ विषय काढला. "आई, त्या होळीला तुम्ही विकतच्या पोळीवरून बोललात ते मला फार लागलं होतं."

त्या बघतच राहिल्या. "अगं, मी पोळीला चव नाही म्हटलं. तुला कुठे काय म्हटलं?" आणि जरा वेळाने हसून म्हणाल्या, "मला तर पाट्यावर पुरण वाटायचा मनस्वी कंटाळा. लग्न होऊन आले तेव्हा घरात चौदा माणसं. मनगटं भरून यायची. त्या वेळी विकत मिळत असत्या ना, तर मीसुद्धा आणल्या असत्या!"

पोळीला चव नाही, आणि मी वाईट सून आहे. या दोन वाक्यांमधलं सगळं अंतर माझं मीच चालून गेले होते.

हे झालं मनाच्या शांततेचं. पण आपले दृष्टिकोन नुसती झोप उडवत नाहीत, ते आपल्या आयुष्याचे निर्णयही घेऊन टाकतात, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. बँकेत मला दोनदा प्रमोशन चालून आलं होतं. 2003 मध्ये आणि 2006 मध्ये. दोन्ही वेळा मी ते नाकारलं. प्रमोशन म्हणजे बदली. 'मुलगी लहान आहे' असं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. 2010 मध्ये तिसऱ्यांदा संधी आली, तीही संगमनेरची, आणि लेक दहावीत! नाही म्हणायला याहून चांगलं कारण कुठलं?

सवयीने वही काढली. मधल्या रकान्यात जे उतरलं ते वाचून मीच चमकले. 'दहावीच्या वर्षी आई घरातच पाहिजे' हे तर होतंच, पण त्याखाली आणखी एक वाक्य होतं. 'ब्रँच सांभाळताना माझी चूक होताच कामा नये. चूक झाली तर सगळे म्हणतील, हिची लायकीच नव्हती.' म्हणजे सात वर्षं मी लेकीच्या नावावर माझी भीती खपवत होते! हे कळलं तेव्हा लाज वाटली, पण मोकळंही वाटलं.

आता पुढे मी संगमनेरला जाऊन झेंडे लावले, असं ऐकायची तुमची तयारी असेल. तसं काही झालं नाही. गेले खरी, अडीच वर्षं राहिले. शनिवारी रात्री घरी, सोमवारी पहाटेची एसटी. लेकीला ऐन प्रिलिममध्ये ताप आला तेव्हा मी तिथे खोलीत एकटी बसून रडले. सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, तेव्हा पोचायला मला सहा तास लागले. हा खर्च होता आणि तो आम्ही सगळ्यांनी भरला. पण 'अहो' वरणभात लावायला शिकले, लेक स्वतःच्या अलार्मने उठायला शिकली आणि मी सही करताना हात न कापता निर्णय घ्यायला शिकले. एखादीने सगळा विचार करून 'मी घरी थांबते' असं ठरवलं असतं, तर तोही तितकाच चांगला निर्णय. फरक एवढाच, की तो तिने घेतलेला असता. माझे आधीचे दोन निर्णय 'च'ने घेतले होते.

इथपर्यंत लिहून लेख संपवता आला असता. पण मग तो अर्धाच खरा झाला असता.

नव्याने धर्म बदललेला माणूस जसा दिसेल त्याला उपदेश करत सुटतो, तसं माझं झालं होतं. लोकलमध्ये, बँकेत, लग्नाच्या पंगतीत मी 'च' शोधत फिरायचे. आणि 2013 च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचा सांगलीहून फोन आला. "ताई, सकाळी उठावंसंच वाटत नाही गं. कशातच राम वाटत नाही."

मला तर हातात कोलीतच मिळालं! "बघ, वाटतच नाही, कशातच! किती 'च' आहेत बघ तुझ्या बोलण्यात. वही घे, तीन रकाने आख." रोज रात्री नऊला फोन करून मी तिची शिकवणी घ्यायचे. ती 'हो ताई, हो ताई' करायची. पंधरा दिवसांनी तिने फोन उचलणं कमी केलं. मला वाटलं, आळस. चक्क रागावलेच मी तिच्यावर. "तुला बरंच व्हायचं नाहीये," असंही एकदा बोलून गेले.

महिन्याभराने तिच्या यजमानांचा फोन आला. आवाज कापत होता. "ताई, तुम्ही येता का? तीन दिवस झाले, अंघोळ नाही, जेवण नाही. काल मध्यरात्री जाग आली तर ही शेजारी नाही. गच्चीवर कठड्याशी उभी होती."

रात्रीच्या गाडीने निघाले. तो प्रवास कसा केला ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तिच्याशी बराच वेळ बोलून झाल्यावर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-बारा या तपासण्या सांगितल्या. थायरॉइड कमी असेल किंवा बी-बारा कमी असेल तरी अशी मरगळ येऊ शकते, म्हणून ते आधी पाहायचं. रिपोर्ट चांगले निघाले. निदान झालं, तीव्र डिप्रेशन. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं, की या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर तिला एकटं सोडायचं नाही आणि बरं वाटलं म्हणून मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत.

मी भीतभीत माझ्या वहीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "पद्धत चांगली आहे. आम्हीही वापरतो. पण पाय मोडलेल्या माणसाला तुम्ही चालण्याचा व्यायाम शिकवत होतात. आधी प्लॅस्टर, मग व्यायाम."

अडीच महिन्यांनी ती खऱ्या अर्थाने माझ्याशी बोलली. अंगणात मेथी निवडत बसलो होतो दोघी. म्हणाली, "ताई, तू सांगायचीस ते खरंही असेल. पण तुझा फोन ठेवला की वाटायचं, झालं, आता हेसुद्धा मला जमत नाहीये."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. 'दृष्टिकोन बदल' हा सल्ला चुकीच्या वेळी दिला, तर तो सल्ला राहत नाही, आरोप होतो. आणि मधल्या रकान्यात डोकावून पाहिलं तर तिथे माझाच 'च' बसला होता. 'हिने बरं झालंच पाहिजे, तेही माझ्याच पद्धतीने!'

म्हणून आता कुणी बोलायला आली, की मी आधी काही साधे प्रश्न विचारते. झोप कशी आहे? जेवण जातं का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी अजून आवडतात का? हे किती दिवस चाललंय? उदासी दोन आठवड्यांहून जास्त दिवस जवळजवळ रोज ठाण मांडून असेल, कामं सुचेनाशी झाली असतील, तर तिथे वही नको, डॉक्टर हवेत. मरणाचे विचार येत असतील, तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी जायचं. तोंडाने विचारायलाही कचरू नका. 'जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का गं?' असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. माझी बहीण आजारी पडली तेव्हा नव्हती, अशी एक सोयही आता आहे. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. फ्रिजवर गॅसवाल्याचा नंबर लावतो, त्याच्या शेजारी हाही लावून ठेवावा.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझ्या लोकलच्या ग्रुपमध्ये एकजण होती. नवरा पिऊन हात उचलायचा. तिला तिच्याच घरातल्या वडीलधाऱ्या बायका सांगायच्या, 'तू शांत राहा, तुझी वृत्ती बदल, म्हणजे त्रास होणार नाही.' हे तर विष आहे! घर पेटलेलं असताना 'उकाड्याकडे बघायचा दृष्टिकोन बदल' असं आपण कुणाला सांगत नाही. कितीतरी वेळा पहिला रकानाच बदलायचा असतो. म्हणजे घटना, माणसं, कधी कधी घरसुद्धा. एलिसच्या पद्धतीचा अर्थ 'सोसत राहा' असा मुळीच नाही. डोकं थाऱ्यावर आलं, की काय बदलता येईल ते नीट दिसतं आणि ते बदलायला बळ येतं, एवढाच तिचा दावा. त्या मैत्रिणीचंही तसंच झालं. आधी 'लोक काय म्हणतील' ही भीती गेली, मग तिने वकील गाठला. आज ती आणि तिचा मुलगा बदलापूरला मजेत राहतात.

तेव्हा ताण आला की मी आता स्वतःला तीन गोष्टी विचारते. यात बदलण्यासारखं बाहेर काही आहे का? नसेल, तर माझ्या डोक्यात कुठला 'च' अडकलाय का? आणि हे दोन्ही करण्याइतकं त्राण माझ्या अंगात आहे का, की आधी औषधपाणी हवं? क्रम मागेपुढे झाला तरी चालेल, पण तिसरा प्रश्न गाळू नका. मी गाळला होता.

सासूबाई जाऊन आता सहा वर्षं झाली. मी निवृत्त झाले. होम्स आणि राहे यांच्या हिशेबाने माझ्या खात्यात 45 गुण जमा! लेक पुण्याला नोकरी करते. यंदाच्या होळीला ती आली होती, बहीणही सांगलीहून आली होती. ती आता छान आहे. मधे एकदा पुन्हा थोडं खाली गेल्यासारखं वाटलं, तेव्हा तिने मला फोन करायच्या आधी डॉक्टरांना केला, आणि मला मनापासून बरं वाटलं. आम्ही तिघी पानं घेऊन बसलो. कटाची आमटी मी केली होती, कारण ती मला आवडते. ताटात पोळी वाढली, वर साजूक तूप सोडलं आणि तिघींनी सासूबाईंची आठवण काढली.

पोळ्या? विकतच्याच होत्या. तेवढा एक 'च' मी मुद्दाम ठेवलाय!